पोतनीस बाईंचा पंधरा दिवसांचा पास

युरोपचा नाहीतर जपानचा बेत घेऊन पोतनीस बाईंकडे गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जायचा तो हा : "सकाळी पोट साफ व्हायला किती वेळ लागतो?"

माणूस गांगरायचा. रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं काढावीत, एवढंच विचारायला तो आलेला असायचा. सोबत बायको, क्वचित सासूही असायची. बाई मात्र पेन्सिल सरसावून उत्तराची वाट बघत बसलेल्या.

"लाजायचं काय त्यात? मी तुम्हाला सव्वासातच्या गाडीत बसवलं आणि तुम्ही साडेआठपर्यंत हॉटेलच्या संडासात, तर पासाचा तो दिवस गेला पाण्यात. आधी माणूस सांगा, मग पास."

मग प्रश्नांची सरबत्ती सुरू व्हायची. दुपारी झोपता का? जिने चढवतात का? नवऱ्याला खिडकी लागते की तुम्हाला? एका गावात तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो की तिसऱ्या दिवशी कुठे करमायला लागतं? शहरांची नावं बाई सर्वांत शेवटी विचारत. तोवर समोरच्या माणसाला आपण पर्यटनाला आलोय की तपासणीला, असा प्रश्न पडलेला असे.

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीत बाई तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला, पण शाळेत त्यांचा दरारा होता तो भूगोलामुळे नव्हे, वेळापत्रकामुळे. अख्ख्या शाळेचं वेळापत्रक दरवर्षी त्या एकहाती लावायच्या. कुणाचं बाळ पाळणाघरात आहे म्हणून तिला पहिला तास द्यायचा नाही, कुठल्या सरांना जेवणानंतर डुलकी येते म्हणून त्यांना त्या वेळी मैदानावर पाठवायचं, कोणत्या दोन शिक्षिकांचं आपसांत बोलणं नाही म्हणून त्यांचे वर्ग शेजारी येऊ द्यायचे नाहीत, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. निवृत्त झाल्यावर ते डोकं रिकामं बसायला तयार होईना. तेवढ्यात शाळेतल्याच एक सहकारी युरोपला जाऊन आल्या आणि महागडा पास घेऊन त्यातले अर्धे दिवस वाया घालवून आल्या. बाईंनी दोन संध्याकाळी इंटरनेटवर तिकडच्या गाड्या शोधल्या, कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या पाठीवर चौकटी आखल्या आणि पासाशिवाय हीच सहल किती स्वस्तात झाली असती ते त्या सहकारी बाईंना लाल शाईत दाखवलं. त्या बाई रडायच्या बाकी राहिल्या. पण बोलबाला झाला. मुलुंडच काय, घाटकोपर आणि बोरीवलीहूनही लोक यायला लागले.

फी नव्हती. अट एकच, परत आल्यावर येऊन सगळं खरं सांगायचं. कुठली गाडी चुकली, कुणाचं कुणाशी भांडण झालं, कुठला दिवस नुसता लोळून काढला. त्यावर बाई त्यांच्या चौकटीत लाल शाईने दुरुस्त्या करत. हॉटेलं, खाणं, खरेदी यांबद्दल कुणी विचारलं तर, "तो माझा विषय नाही," म्हणून मोकळ्या होत.

आमच्या पहिल्या मजल्यावरचे शहाभाई जपानला निघाले होते. "बाई, सगळे पास घेतात ना, मग आपण पण घेऊन टाकू."

"सगळे घेत होते तेव्हा तो स्वस्त होता. आता महाग झालाय. तुम्ही टोकियोला उतरणार आणि टोकियोहूनच परतणार, असं कुणी सांगितलं?"

"विमान तसंच असते ना."

"ओसाकाहून परत या. मग उलटा प्रवासच नाही. एकदा तिकडून इकडे जायचं, त्याला पास कशाला?"

शहाभाईंनी ऐकलं. पण आल्यावर तोंड जरा पाडूनच म्हणाले, "बाई, पैसे वाचले, पण त्या पासवाल्या लोकांचा रुबाब काय होता यार!" बाईंनी त्यांच्या कागदावर लाल शाईत लिहिलं : 'रुबाब पाहिजे होता. आधी विचारायला हवं होतं.' दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या नावावर केली होती. हे मला फार आवडलं.

भांडुपच्या परब वहिनींची गोष्ट याच्या अगदी उलट. त्यांचे सासरे गिरणीत होते, नवरा बँकेत शिपायाचा कारकून झालेला, आणि मुलाने पहिल्या मोठ्या पगारातून आईबापांना स्वित्झर्लंडला पाठवायचं ठरवलेलं. सगळ्यांनी दाखवलेली यादी हिमशिखरांची. बाईंनी वहिनींना विचारलं, तुम्हाला काय बघायचंय?

वहिनी आधी नवऱ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माका डोंगर नको. डोंगर आमच्या गावाक लय आसत. माका बोटीत बसाचा आसा."

बाईंनी आयुष्यात क्वचित कुणाला पास घ्या म्हणून सांगितलं असेल. वहिनींना सांगितलं. तिकडच्या पासात तळ्यांतल्या बोटी फुकट असतात. आठ दिवसांतले पाच दिवस वहिनी एका तळ्यावर या काठाहून त्या काठाला जात-येत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी एकही शिखर पाहिलेलं नव्हतं आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवरा मात्र कुरकुरला, की लोक विचारतात काय बघितलंत, तर काय सांगू? बाई म्हणाल्या, "बायको बघितली म्हणून सांगा."

बाईंना एका शब्दाची चीड होती : वसूल. पास वसूल झाला पाहिजे, असं कुणी म्हणालं की त्या पेन्सिल खाली ठेवत. "पास वसूल करायला निघालेला माणूस सुट्टीवर नसतो, ड्युटीवर असतो. रोज उठून एक गाव उरकतो आणि संध्याकाळी पाय चोळत बसतो."

आणि या शब्दाचा मूर्तिमंत अवतार त्यांच्याच घरात, आतल्या खोलीत पेपर वाचत बसलेला असे. पोतनीस काका वीज कंपनीतून निवृत्त झालेले. पैसे भरलेली कुठलीही गोष्ट काका अर्धी सोडत नसत. नाटक कितीही रटाळ असो, तिकीट काढलंय म्हटल्यावर पडदा पडेपर्यंत बसायचं. लग्नात आहेर केला की मठ्ठा दोनदा. हॉटेलात नाश्ता खोलीभाड्यात धरलेला असला की दुपारचं जेवण टळेल इतका खायचा. स्वभावाने माणूस चांगला, पण बोलका, आणि तोही अघळपघळ. लिफ्टमध्ये काका दिसले की आमच्यासारखे लोक जिन्याने जात. एक गोष्ट मात्र काका कधीच बोलत नसत : बाईंच्या भावाची.

बाईंचा धाकटा भाऊ दिलीप तरुणपणी जर्मनीला गेला आणि तिथलाच झाला. तिथल्याच मुलीशी लग्न केलं. इकडे वडील अंथरुणाला खिळले, गेले, आणि दिलीप आला नाही. आज येतो, उद्या येतो करत राहिला आणि शेवटी पैशांचा ड्राफ्ट पाठवला. सासऱ्यांचं सगळं काकांनी केलं, अग्नीही काकांनी दिला. ड्राफ्ट त्यांनी आल्या पाकिटातून परत पाठवला आणि सांगितलं, या माणसाचं तोंड मी बघणार नाही. पस्तीस वर्षं बघितलं नाही. दिवाळीला दिलीपचं कार्ड यायचं, ते बाईंच्या शाळेच्या पत्त्यावर. बाई ते शाळेच्याच कपाटात ठेवत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, एका दुपारी शाळेचा शिपाई एक पाकीट घेऊन आला. पत्र इंग्रजीत होतं, म्युनिकपासून दीड तासावरच्या एका छोट्या गावातल्या वृद्धांच्या शुश्रूषागृहातून आलेलं. त्या गावाचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. बाई ते पत्र घेऊन माझ्याकडे खाली आल्या आणि म्हणाल्या, "समीर, मी वाचलंय. तू पण वाच. मला चुकीचं कळलं असेल तर सांग."

त्यांना बरोबरच कळलं होतं. दिलीपची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्याला पक्षाघाताचा झटका आला, त्यातून तो सावरला, पण त्याची जर्मन गेली. इंग्रजीही गेली. तो दिवसभर बोलतो, एका नर्सने लिहिलं होतं, आणि आमच्यापैकी कुणालाच ते कळत नाही. त्याला हवं-नको आम्ही खुणांनी विचारतो. त्याच्या डायरीत तुमच्या शाळेचा पत्ता होता. तुम्ही या भाषेतल्या आहात का?

बाईंनी पत्राची घडी घातली. "मराठी बोलत असेल रे तो. चाळीस वर्षांत बोलला नसेल ती सगळी."

शुश्रूषागृहाला मी बाईंच्या वतीने मेल पाठवली. फोनवर बोलणं झालं, पण तिकडून दिलीपने नुसतं हुंदक्यांवर हुंदके दिले आणि नर्सने फोन काढून घेतला. बाईंना जायलाच हवं होतं. पण एकट्या जायचं म्हणजे काकांना सांगून, भांडून जायचं. आणि बाईंना तेवढंच नको होतं. त्यांना काका तिथे हवे होते. "हे मनात धरून हे आणि दिलीप, दोघांपैकी एक जण मरून जाईल. मग दुसऱ्याने कुणाशी बोलून मोकळं व्हायचं?" असं त्या मला म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

चार दिवसांनी सोसायटीत बातमी : पोतनीस जोडपं युरोपला चाललं! आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहली आखल्या, आता स्वतःची. काका लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्याजवळ सांगत सुटले. झुरिच, ल्यूसर्न, म्युनिक, साल्झबर्ग, व्हिएन्ना. बाईंनी आखलेली चौकट माझ्याकडे प्रिंट काढायला आली. मी सवयीने बेरीज तपासली. शाळेत असताना बाईंनीच ती सवय लावली होती.

बाईंनी सलग पंधरा दिवसांचा पास घेतला होता. म्हणजे पंधरा दिवस, रोज, वाटेल तितक्या गाड्या. आजवर हा पास घेऊ नका म्हणून त्यांनी पन्नास जणांना परतवलं असेल. त्यांच्या चौकटीत खरा प्रवास फक्त पाच दिवसांचा होता. तीच तिकिटं आधी काढली असती तर पासाच्या अर्ध्याहून थोड्या जास्त पैशांत काम झालं असतं. सुट्या दिवसांचा, म्हणजे फक्त प्रवासाच्या निवडक दिवसांपुरता चालणारा पास घेतला असता तरी बरंच वाचलं असतं. मी दोनदा बेरीज केली आणि वर गेलो.

"बाई, यात चूक आहे."

काका आत आंघोळीला गेले होते. बाईंनी कागद हातात घेतला, नीट बघितला. "चूक नाही."

"तुम्ही सलग पास..."

"समीर, म्युनिकला आम्ही पाच रात्री राहणार. त्यातले चार दिवस मी रिकामे ठेवलेत. दिसतंय का?" दिसत होतं. चार चौकटी कोऱ्या होत्या. "यांना मी साधं सांगितलं, की चला, दीड तासावर एक गाव आहे, तर हे विचारणार, काय आहे तिथे? मी सांगितलं की तिकीट काढू, तर म्हणणार, कशाला, इथेच बसू. पण पास घेतलेला असला, रोजचे पैसे आधीच भरलेले असले, तर हा माणूस हॉटेलात बसून राहील का? तूच सांग."

मी नकारार्थी मान हलवली.

"त्यांना गाडीत बसवण्यापुरता पास घेतलाय मी. पुढचं माझ्या हातात नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "इतक्या लोकांना खरं गणित सांगितलं. घरातल्या माणसाला खोटं सांगतेय. ती बेरीज फाडून टाक."

मी फाडून टाकली. पण ते तीन आठवडे माझं कामात लक्ष नव्हतं. काका गावात उतरले नाहीत तर? कळल्यावर तडक मागे फिरले तर? सत्तरीच्या त्या दोघांचं परक्या देशात भांडण झालं तर? सोसायटीच्या ग्रुपवर काकांचे फोटो येत होते, ल्यूसर्नचा पूल, झुरिचचं तळं. म्युनिकपासून फोटो यायचे थांबले.

ते परत आल्यावर दुसऱ्याच सकाळी मी वर गेलो. इतकी वर्षं दुसऱ्यांकडून सगळं खरं ऐकून घेणाऱ्या बाईंनी मला सगळं खरं सांगितलं.

म्युनिकला पहिल्या सकाळी काका भरपूर नाश्ता करून तयार झाले. आज काय, म्हणाले. बाई म्हणाल्या, आज चौकट रिकामी आहे, पण पास चालू आहे, एका नदीकाठच्या गावाला जाऊन येऊ. काका लगेच उठले. दिवस फुकट घालवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. निम्मी वाट गेल्यावर बाईंनी पर्समधून ते पत्र काढून काकांच्या हातात दिलं. काकांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. एवढा बोलका माणूस, पण गाव येईपर्यंत शब्द नाही. गाडी थांबली तेव्हा खाली उतरले आणि फलाटावरच्या बाकावर बसले. "मी इथे आहे. तू जाऊन ये."

बाई एकट्या गेल्या. दिलीप खिडकीपाशी खुर्चीत होता, एक हात मांडीवर निर्जीव पडलेला. त्याने आधी ओळखलं नाही. बाईंनी नाव घेतलं तेव्हा म्हणाला, "ताई, इथे कुणाला काही कळत नाही गं." आणि मग दोन तास तो थांबलाच नाही. लहानपणच्या शाळेतलं, आईच्या हातच्या साखरभाताचं, मधेच काहीतरी जोड नसलेलं. नर्स दारात उभी राहून ऐकत होती आणि रडत होती. निघताना त्याने विचारलं, "भावजी कुठे?"

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"खरं सांगितलं. स्टेशनवर बसलेत, म्हटलं. तर म्हणाला, बरोबर आहे त्यांचं."

बाई स्टेशनवर परतल्या. काका त्याच बाकावर होते. त्यांनी एवढंच विचारलं, काय म्हणाला? बाईंनी ते शेवटचं वाक्य सांगितलं. परतीच्या गाडीत काका बाईंच्या समोर न बसता पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसले. बाईंना वाटलं, संपलं. उद्या आपण एकटीने यायचं आणि परवाही.

दुसऱ्या सकाळी काकांनी नाश्त्याला एकच पाव घेतला. बाईंच्या ते लक्षात आलं. मग काकांनी मोबाइलवरचा पास उघडून टेबलावर ठेवला. "हा चालूच आहे ना अजून?"

"आहे."

"मग चल. आज तिकडेच जाऊ."

खोलीत शिरल्यावर काका दारापाशी क्षणभर उभे राहिले, असं बाई म्हणाल्या. दिलीप खुर्चीतून उठायला धडपडला. काका पुढे झाले, त्याला खांद्याला धरून परत बसवलं आणि म्हणाले, "बस रे. किती वाळलायस." मग खुर्ची ओढून समोर बसले आणि बोलायला लागले. मुलुंडच्या नव्या पुलाचं, कोथिंबिरीच्या भावाचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं, आमच्या लिफ्टचं. ज्या बडबडीला आम्ही सगळे टाळत होतो ती दिलीपने चार तास डोळे मिटून ऐकली. मधूनमधून तो हसायचा. मुक्काम तिकडेच वाढला; साल्झबर्ग राहिलं, व्हिएन्नाही राहिलं. व्हिएन्नाच्या हॉटेलचे पैसे बुडाले त्याचं काकांनी नावही काढलं नाही. वडिलांचा विषय निघाला का, हे मी विचारलं.

"तिसऱ्या दिवशी निघाला. दिलीप म्हणाला, भावजी, मी घाबरलो होतो. मेलेले वडील बघायला मी घाबरलो होतो. हे म्हणाले, मी पण घाबरलो होतो. पण कोणीतरी करायला हवं होतं." मग बाई मला म्हणाल्या, "पस्तीस वर्षं, समीर. एवढंच बोलायचं होतं."

"काकांना कळलं का? पासाचं गणित?"

"कळलं असेल. वीज कंपनीत हिशेबनीस होते ते. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही." आणि मग त्यांनी माझ्या हातात तो कॅलेंडरचा कागद ठेवला. चार कोऱ्या चौकटींत लाल शाईने काहीही लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी मी बोरीवलीला घर घेतलं. सोसायटी पुनर्विकासाला गेली, पोतनीस मंडळी नंतर नाशिकला मुलीकडे राहायला गेली. पण त्याआधी, माझं सामान हलवायच्या आठवड्यात, एका दुपारी दोनच्या सुमारास मी निरोप घ्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. बाई जेवणाच्या टेबलाशी कुणाच्या तरी इटलीच्या चौकटी आखत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि खुर्ची दाखवली.

समोर काकांनी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून उभा केला होता आणि ते मोठ्याने पेपर वाचत होते. मोबाइलवर खिडकीपाशी बसलेला एक पांढऱ्या दाढीचा माणूस दिसत होता. नर्सने त्याच्या मांडीवर शाल टाकलेली. रोज याच वेळी हे चालतं, असं बाईंनी मला हळूच सांगितलं. तिकडे तेव्हा सकाळ असते. अग्रलेख, खेळाचं पान, छोट्या जाहिराती, काका काहीच सोडत नसत.

"जरा मोठ्याने वाचा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

काकांनी आवाज चढवला. "जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी मुलुंड पूर्व भागात येत्या बुधवारी सकाळी दहापासून चोवीस तास पाणीपुरवठा बंद राहील. नागरिकांनी..."

मोबाइलमधून अडखळत, पण स्पष्ट आवाज आला. "ताई, पाणी भरून ठेव."

बुधवारला अजून तीन दिवस होते. बाईंनी पेन्सिल खाली ठेवली, उठून स्वयंपाकघरात गेल्या, कळशी घेतली आणि नळ पूर्ण सोडला. "भरतेय रे," त्या आतून ओरडून म्हणाल्या.